भरल्या ताटावरचा जावई

माजं म्हायेर सुदुंबऱ्याकडचं. तितं सगळा बाजरी-जवारीचा मुलूख, भात शिजला तर सनावाराला, आन लगीन हून मी आले हितं वलवणला, लोणावळ्याच्या शेजारी, तर हितं उलटं, सगळं भातावर. पयलं साल माजं पोटच भरायचं न्हाई, भात खाल्ला तरी वाटायचं जेवान आजून व्हायचंय. पन सांगायचं कुनाला? म्होरं आलं ते खायाचं. आवडतं का नावडतं हे इचारायची रीतच न्हवती आमच्यात. पोटुशी बाई असली तर तिला इचारायचे, काय खावंसं वाटतं गं, आन ते बी पयल्या खेपंला. दुसऱ्या खेपंला तिला बी न्हाई.

मी हे का सांगते, तर ताईसायेब, तुमी काल आळूचं फतफतं ताटाच्या कडंला सारलंत आन वरनं भात लोटलात, आईसायबांना दिसू नये म्हनून. मला दिसलं. मी भांडी घासते, मला भाताखालचं दिसतं. घाबरू नगा, मी कुनाला सांगत न्हाई. पन ते बघितलं आन माजा जावई आठवला, तवापासून जिवाला चैन न्हाई बघा. म्हनून बसलेय तुमच्याफुडं. बसलेय म्हंजी काय, मला बसवत न्हाई. मी मधी मधी उठंन, तुमी आपलं शाळंचं लिवत ऱ्हावा.

तर आमचे हे रेल्वेत, घाटातल्या गँगमधी. रूळ ठोकायचे, खडी भरायची, पावसात दरड आली की काढायची. घरची वाईच जमीन व्हती, एक गाय व्हती. पन त्यात काय भागतंय, म्हनून मी ह्याच रस्त्याला एका बंगल्यात भांड्याला लागले. हा न्हवं, त्यो पलीकडचा, फाटकापाशी जांभळ व्हती त्यो. मालक मुंबैचे. उन्हाळ्यात आन दिवाळीच्या अंगाला पाव्हन्यांची नुसती रीघ. आन पाव्हनं बी कसलं! एक बाईसायेब यायच्या, कोथिंबिरीचं पान दिसलं की ताट परत. एक म्हातारे वकील यायचे, दुधावर साय दिसली की त्यांचं तोंड असं व्हायचं जसं कुनी मेलेला उंदीर दाखवलाय. मंग हुसेनभाई ते दूध फडक्यातनं गाळायचा. हुसेनभाई म्हंजी तितला खानसामा, हिकडचाच, मावळातला मुसलमान, बोलनं आमच्यासारखंच. गाळता गाळता म्हनायचा, सगुनाबाई, ह्या वकिलानं उभ्या जन्मात साय खाल्ली न्हाई, आन त्येच्या वाट्याची खाऊन खाऊन मी बघा कसा झालोय. आन पोटावरनं हात फिरवायचा.

आता तितं कुनी त्या वकिलाला माजलाय म्हनलं न्हाई, का रुसलाय म्हनलं न्हाई. सायेब साय खात न्हाईत, झालं, संपलं. हे मी रोज बघत व्हते, रोज ती ताटं घासत व्हते, आन घरी जाऊन उंबऱ्याच्या आत पाय टाकला की सगळं इसरत व्हते. का इसरत व्हते ते मला आज बी कळत न्हाई. मला वाटायचं ते बंगल्यातलं असतं, जसा पियानो बंगल्यात असतो तसं.

माजी एकच लेक, हौसा. तिचं लगीन केलं शिरगावच्या अंगाला. पोरगा गनपत, उंच, काळासावळा, कामाला वाघ, बोलायला कमी. बाप न्हाई, आई हाय, चांगली बागायती जमीन. हौसा नांदायला गेली, सनाला यायची तर अंगावर मूठभर मास चढलेलं असायचं, मी म्हनायचे देव पावला. नवरा कसा हाय इचारलं की खाली बघून हसायची. दुसरं काय इचारायचं पोरीला?

मंग धोंड्याचा म्हैना आला. तुमाला माहीत असंल, तिसऱ्या सालाला एक म्हैना जादा येतो, त्या म्हैन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरनाचे धोंडे करून जेवू घालायचं, लक्ष्मी-नारायन समजून. त्या साली त्यो उन्हाळ्यात आलता. बंगल्यात पाव्हनं खच्चून भरलेलं, घरात धोंड्याचं जेवान, मी नुसती हिकडनं तिकडं, हिकडनं तिकडं, सकाळी बंगल्यात भांडी, दुपारी घरी डाळ निवडायची, परत बंगला. हौसा आदल्या दिवशीच आलती. ती माज्या मागं मागं फिरत व्हती. आये, लय करू नगं. आये, साधं कर गं. आये, कुरडया तेवड्या जास्त तळ. मला वाटलं पोरीला आपल्या म्हायेरचं ओझं कळतंय, आई दमंल म्हनून म्हनतेय. मी म्हनले, गप, जावई काय रोज येतोय का? आन मोरीच्या पान्यावर आळू वाढलं व्हतं, त्येचं बी केलं मी, दाटसर, शेंगदाने घालून. पुरनाचे धोंडे, पोळी, गुळवनी, कटाची आमटी, आळू, भात, कुरडया. आमच्या घरात एवडं जेवान हौसाच्या लग्नानंतर शिजलंच न्हवतं.

आता तुमाला एक रीत सांगते, ती कळल्याबिगर म्होरलं कळायचं न्हाई. आमच्यात जावई मानानं ताटावर बसला आन त्येनं घास उचलला न्हाई, तर त्यो रुसला असं समजायचं. भांडान न्हवं ते, मानपान असतो. सासऱ्यानं इचारायचं, पाव्हनं, काय कमी पडलं? त्येनं बोलायचं न्हाई. मंग ताटाशेजारी कायतरी आनून ठिवायचं, भांडं म्हना, पागोटं म्हना. त्येनं नको म्हनायचं. नको म्हनायचंच असतं, लगीच हो म्हनलं तर हावरा म्हनतील. मंग आपन वाईच वाढवायचं. परत नको. परत वाढवायचं. मंग त्येनं हसायचं, घास घ्यायचा, आन बायांनी आतनं नाव घ्या, नाव घ्या म्हनून वरडायचं. लग्नात गनपतनं अशी रीत केलती, तांब्या घेतलाता, हसलाता, आन बुंदीच्या चार कळ्या तोंडात टाकून उठलाता. लाजाळू हाय, म्हनले सगळे.

तर धोंड्याच्या जेवनाला त्यो बसला. शेजारी आमचे हे. वाढायला थोरले भाऊजी, म्हंजी माजे मोठे दीर. गावात कुनाचं बी लगीन असू द्या, वाढप थोरल्या भाऊजींकडं, आग्रहाला असा मानूस न्हाई, समोरच्यानं ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतनं वाढतील. मी दाराआड उभी. पदराचं टोक तोंडात धरून बघत व्हते. गनपतनं ताटाकडं बघितलं. मंग त्येनं कुरडईचा तुकडा मोडला आन खाल्ला. परत मोडला. माजा जीव भांड्यात पडला. तेवड्यात थोरल्या भाऊजींनी, पाव्हनं, लाजताय काय, म्हनून गुळवनी घेतली आन ओतली पोळीवर, ती पोळीवरनं वघळत कुरडईखाली गेली, आन वरनं भातावर आमटी, ती आळवात मिसळली.

त्येचा हात आकसला. असा. इस्तवाला लागल्यागत बोटं आत घेतली त्येनं, आन मांडीवर ठिवली. आन मंग न्हाईच उचलली.

थोरले भाऊजी हसले. आमच्या ह्यांच्याकडं बघून डोळा मारला. म्हनले, आलं ध्यानात, जावई रुसलं, आना, काय ठिवलंय ते आना. धोतरजोडी आनलीच व्हती, ती ठिवली. गनपत म्हनला, न्हाई, नको. सगळे हसले. बराबर बोलला, रीतीनं बोलला. मंग ह्यांनी आतनं घोंगडं आनलं, नवं, कोरं. त्यो म्हनला, मामा, नको, खरंच नको. भाऊजी म्हनले, मुरलेलं दिसतंय पाव्हनं. मंग छत्री आनली, ती बंगल्यातल्या एका पाव्हन्यानं ह्यांना दिलती, चांदीची मूठ हाय असं समदे म्हनायचे, नसंल, पन गावात तशी छत्री कुनाची न्हवती. ती ह्यांच्या जिवाचा तुकडा. ती ताटाशेजारी ठिवताना ह्यांचा हात वाईच थांबला ते मी बघितलं. गनपतच्या कपाळावर घाम. त्यो म्हनला, मला कायबी नको, मामा, पाया पडतो.

काय सांगू तुमाला, त्यो जितकं नको म्हनंल तितकं आमाला वाटायचं, आजून पायजे. हसनं बंद झालं. ताटातलं तूप थिजलं. ह्यांनी माज्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं, आन ते उठले, गोठ्यात गेले आन कालवड सोडून आनली. ती कालवड हौसानं लग्नाआदी बाटलीनं दूध पाजून जगवली व्हती. ती दाराच्या चौकटीला बांधली आन आमचे हे, जे कुनाफुडं कधी वाकले न्हाईत, ते हात जोडून म्हनले, आता घास घ्या पाव्हनं, आता माज्या घरात दुसरं कायबी न्हाई.

त्यो कालवडीकडं बघत ऱ्हायला. मंग उठला. भरल्या ताटावरनं उठला. पायताण घातलं आन निघाला. कालवड तितंच, छत्री तितंच. आमाला वाटलं, त्येला हे समदं कमीच वाटलं.

थोरले भाऊजी मागनं वरडले, आरं, मंग काय आगगाडी पायजे का तुला? घाटातलं इंजान देतो बांधून!

ते बोलनं गावभर झालं. हे म्हनले, पोर धाडायची न्हाई. माज्या दारात येऊन माजा मान ताटात टाकून गेला त्यो. त्यो सोता येईल, हितं बसंल, माज्या घरचा घास खाईल, तवा पोर जाईल. हौसा दाराला पाठ लावून बसलीती, तिला मी म्हनले, आगं, तुला काय बोलला का त्यो, काय पायजे व्हतं त्येला? ती नुसती मान हालवायची. आये, त्यांचं तसं न्हाई. मंग कसं हाय? ते मला सांगाया येत न्हाई, सासूबाईंनी माज्याकडनं शपथ घेतलीय. मी तिचा दंड धरला. कसली शपथ? काय रोग हाय? काय येसन हाय? ती रडायची आन उठून कामाला लागायची.

आख्खा पावसाळा पोर घरात. हितला पाऊस तुमाला ठावं हाय, घरात बसलं तर भिंती अंगावर येतात. हे लायनीवर जायाचे ते चिंब हून यायचे. हौसा माज्याआदी उठून समदी कामं करायची, मला काम उरू द्यायची न्हाई, आन मला कामाबिगर ऱ्हावत न्हाई. नळावर बाया इचारायच्या, हौसे, आलं का गं इंजान? मी हांडा आर्धाच भरून माघारी यायचे. चुलीम्होरं बसले की वाटायचं गोठ्यात जावं, गोठ्यात गेले की वाटायचं रस्त्यावर जावं, रस्त्यावर गेले की शिरगावची वाट कुटल्या अंगाला ते बघत उभी ऱ्हायचे. त्यो न्यायला येईना, हे धाडीनात. म्हैन्यामागं म्हैना गेला की नवऱ्याला दुसरी बघून देत्यात, हे मला बी कळत व्हतं आन तिला बी.

दसरा झाला, बंगला परत उघडला. पाव्हनं आले, त्यात एक सायेब, मोठा हुद्दा, मिशा अशा, आवाज असा की कुत्रं बी बाकाखाली जावं. हुसेनभाईनं त्येंच्यासाठी येगळी मांडामांड केली, पाव येगळ्या बशीत, कोरडं मटन येगळ्या बशीत, रस्सा वाटीत, ती बी लांब. त्या दिवशी वाढायला नवा गडी व्हता. त्येनं जाऊन रस्सा सगळ्यावर ओतला. मी भांडी न्यायला दारात आलते. आन मी बघितलं. त्या एवड्या मोठ्या सायबानं बोटं आत घेतली. इस्तवाला लागल्यागत. आन हात मांडीवर ठिवला.

माज्या हातातनं परात पडली. हुसेनभाई धावत आला, काय झालं सगुनाबाई? मी म्हनले, ह्या सायबाला काय झालंय? त्यो म्हनला, काय न्हाई झालं, ते ओलं-कोरडं येकत्र खात न्हाईत, मिसळलं की त्यांच्या घशाखाली उतरत न्हाई. मी म्हनले, रोग हाय? त्यो म्हनला, कसला रोग, असतं एकेकाला, माज्या चुलत्याला बी व्हतं, त्येला माजी दादी लय मारायची, त्यो मार खायाचा पन भाकरीवर वतलेलं सालन न्हाई खायाचा. आन त्यो हसला. मला हसू कुटलं, माज्या डोळ्याफुडं कुरडई. आवो, रुसलेला जावई मीठ बी उचलत न्हाई! त्येनं तर कुरडई खाल्लीती. दोन डाव मोडून खाल्लीती. रुसला असता तर खाल्ली असती का? आमी एवडी जानती मानसं बसलेली, थोरल्या भाऊजींनी एवडी लग्नं वाढली, आन एकाच्या बी ध्यानात आलं न्हाई.

मी ह्यांना म्हनले, भावाला बघून येते. अगदीच खोटं न्हवतं, सुदुंबऱ्याला बी तळेगावला उतरूनच जावं लागतं. गाडीनं तळेगाव आन तितनं चालत, पन वाट धरली ती शिरगावची. वाटंत मनात नुसता इचार, काय बोलू, कसं बोलू, आन दुसरी आनली असंल तर?

दुसरी आनली न्हवती. विहीनबाई ओसरीवर शेंगा फोडत व्हत्या. मला बघून उठल्या न्हाईत. म्हनल्या, या, आता काय घेऊन आलासा, इंजान? म्हंजी भाऊजींचं बोलनं हितवर पोचलं व्हतं. म्हनल्या, माज्या लेकाला तुमी भिकारी समजलं. घोंगडं काय, छत्री काय, कालवड काय. त्यो काय तुमच्या ओसरीवर बाजार मांडून बसला व्हता? घरी आला तर त्या दिवशी रानात जाऊन बसला, माज्याशी बोलंना. मी खाली बसले. बसले ती परत उठले, परत बसले.

दुपार झाली. गनपत रानातनं आला. मला बघून थबकला, मामी, म्हनला, पाया पडला, आत गेला. विहीनबाईंनी लगबगीनं त्येचं जेवान आत नेलं, दार वढून घेतलं. पन दाराला फट व्हती. आन मी दारातनं बघायचं सोडलेली बाई न्हवं. त्यो भिताडाकडं तोंड करून बसला व्हता. पानावर बाजरीची भाकरी, कोरडी, करकरीत. भाजल्या शेंगा. गुळाचा खडा. दुधाचा तांब्या लांब, भाकरीला शिवू नये असा. कशाला काय लागलेलं न्हाई. आन त्यो जेवत व्हता, भराभरा, भुकेल्या मानसासारखा, आन कुनी बघंल म्हनून खांदे असे वर घेतलेले. सोताच्या घरात, सोताच्या भाकरीवर, भिताडाकडं तोंड करून.

विहीनबाई भाईर आल्या, रीत म्हनून मला म्हनल्या, वाईच पानी तरी घ्या. आता आमच्यात नातू झाल्याबिगर लेकीच्या घरचं पानी बी आई घेत न्हाई. मी म्हनले, नको. त्या म्हनल्या, एवड्या उन्हाच्या आलाय, घ्या, कोन बघतंय? मी म्हनले, नको विहीनबाई. त्या म्हनल्या, गुळाचा खडा तरी. तवा आतनं आवाज आला, आये, त्यांना आग्रह करू नगं. नको म्हनत्यात ना त्या.

ते त्येनं कसं म्हनलं ते मला तुमाला सांगता यायचं न्हाई. माज्या नकोला रीत व्हती म्हनून समदं जग ते मानत व्हतं. त्येच्या नकोला रीत न्हवती. मी उठले, दार लोटलं आन आत गेले. त्यो दचकला, पान झाकायला लागला. मी त्येच्याशेजारी भिताडाकडं तोंड करून बसले आन म्हनले, जावईबापू, मला भूक लागलीय. तुमच्यातली भाकरी द्या वाईच. कोरडीच द्या.

विहीनबाई दारात. आवो, रीत! लेकीच्या घरी खाताय? नातू न्हाई झाला आजून! मी म्हनले, रीतीनं माजी पोर पावसाळाभर घरात बसवली, विहीनबाई, आता मी भाकरी खाते. आन खाल्ली. माज्या म्हायेरची बाजरी, कितीक सालात मी तशी करकरीत भाकरी खाल्ली न्हवती. गनपतनं पानावरचा हात काढला. मंग हळूहळू म्हनला, मामी, ल्हानपनापासनं हाय. ओलं-कोरडं येक झालं की घसा मिटतो. बानं लय मारलं. भगताकडं नेलं. मला बी वाटतं खावं, चारचौघांत बसावं. तुमच्या घरचे धोंडे लय चांगले दिसत व्हते. मी म्हनले, आवो, मंग बोलायचं न्हाई का? त्यो म्हनला, काय बोलू? मी नको म्हनलो की मामा उठून कायतरी आनायचे.

विहीनबाई दारातच खाली बसल्या आन पदर तोंडाला लावला. त्यांनीच हौसाला शपथ घातलीती, लोकात कळलं तर म्हनतील पोराला भाईरचं लागलंय म्हनून.

घरी आले. ह्यांना म्हनले, भावाकडं न्हाई गेले, लेकीच्या घरी गेलते, आन जेवून आले. हे म्हनले, जेवून? मी म्हनले, व्हय, जेवून. आन सगळं सांगितलं. त्यांनी हातोडा खांद्यावर टाकला आन लायनीवर निघून गेले. दोन दिस बोलले न्हाईत. मी नुसती ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी गोठ्यात कालवडीचं अंग चोळत व्हते, पाठ माज्याकडंच, आन म्हनले, त्येला दूध चालतं ना? मी म्हनले, चालतं, येगळ्या तांब्यात. म्हनले, मंग हिला धाडू. मी म्हनले, धाडा, पन पोरीबरुबर धाडा. ताटाबरुबर नगं.

गनपत आला न्यायला. आमचे हे म्हनलेते ना, माज्या घरचा घास खाईल तवाच पोर जाईल. मी पाट भिताडाकडं मांडला, पानात बाजरीची भाकरी, शेंगा, गूळ, चार कुरडया, दुधाचा तांब्या लांब. थोरले भाऊजी वाढायला पुढं सरसावले. उभ्या जन्मात मी त्यांच्याशी मान वर करून बोलले न्हवते. त्या दिवशी म्हनले, भाऊजी, तुमी आज ओसरीवर बसा. त्यांना काय कळलं न्हाई, पन बसले. गनपत आला, पाटाकडं बघितलं. मंग खाली वाकला आन त्येनंच पाट फिरवला, आमच्याकडं तोंड करून, आन बसला, आन जेवला. आमचे हे समोर बसून कोरडी भाकरी चावत व्हते, दात न्हवते धड त्यांना, पन आमटीला हात लावला न्हाई.

हौसा गेली, मागं कालवड गेली. ओसरीवरनं भाऊजी वरडले, बघा, कालवड सुटली तवा गाडी हालली! आन गावानं तेच धरलं. आज बी वलवणात कुनाला बी इचारा, सगुनाचा जावई म्हंजी कालवडीसाठी बायकू पावसाळाभर सोडनारा. मी एकदा त्येला म्हनले, बापू, सांगू का लोकांना खरं काय ते? त्यो म्हनला, ऱ्हाऊ द्या मामी. लोभी मानूस लोकांना कळतो. मला ते सोपं पडतंय.

आता आमचे हे न्हाईत, थोरले भाऊजी न्हाईत. आता रेशनवर मिळंल ते खायाचं, आवड इचारायची सोयच ऱ्हायली न्हाई. त्या कालवडीच्या नाती दूध देत्यात शिरगावला. आन हौसाचा पोरगा, काय सांगू, ताटात आसंल नसंल ते समदं येकत्र कालवतो, भात, भाकरी, दूध, आमटी, समदं, आन वरपतो. गनपत त्येच्याकडं बघून तोंड फिरवतो आन हसतो. पन मारत न्हाई. घे म्हनत न्हाई, टाक म्हनत न्हाई.

मला मात्र ती खोड लागली ती लागली. कुनी जेवाया बसलं की मला बसवत न्हाई. दारात उभी ऱ्हाते आन मानसांचे हात बघते, ताट न्हाई बघत, हात. काल तुमची बोटं बघितली. तुमी बोलत न्हाई फारसं, तुमच्या त्या इंग्रजी शाळंत काय शिकवतात मला ठावं न्हाई, पन उद्या लगीन हून कुटंतरी जाल, तितं कुनी थोरले भाऊजी असतीलच वाढायला. देव तुमाला एकच देवो, तुमी नको म्हनलं की ते नकोच हाय, हे ऐकू जानारं एक मानूस त्या घरात असू दे. समदं घर नगं, एक पुरं.

उठते मी. आईसायबांनी आज परत आळू करायला सांगितलंय. तुमच्या वाटीत वाढून आनंन, पन वाटी ताटापासनं लांब ठिवीन. खायाची का न्हाई ते तुमचं तुमी बघा.